पांगारा, तार आणि पान

रोमन लेखक प्लिनी याने इसवी सन ७७ च्या सुमारास आपला अवाढव्य निसर्गकोश पुरा केला. त्याच्या चौदाव्या भागात द्राक्षवेलींची हकीकत आहे, आणि त्यात मजुरीच्या ठरावातली एक अजब अट नोंदलेली आहे. इटलीतल्या कॅम्पानिया भागात वेली पॉप्लरच्या झाडांवर सोडत. त्या फांद्याफांद्यांतून थेट शेंड्याला भिडत. घड उतरवायला येणारा गडी कामाला हात लावण्याआधीच ठरवून घेई की वरून पडून मेलो, तर चितेचा आणि थडग्याचा खर्च मालकाने करायचा.

त्याच भागात प्लिनी त्याच्याही काळी जुनी झालेली एक गोष्ट सांगतो. इसवी सनापूर्वी २८० च्या आसपास ग्रीक राजा पिऱ्हस याचा वकील सिनियस इटलीत आला होता. अरिसिया गावी त्याने झाडांवर उंच लोंबणाऱ्या वेली पाहिल्या, तिथली जिभेला बोचणारी वाइन चाखली आणि म्हणाला, असल्या वाइनच्या आईला इतक्या उंच सुळावर चढवलं हे ठीकच झालं. थट्टा जुनीच आहे, पण तिच्यात एक निरीक्षण दडलेले आहे. वेल कशावर चढवली, घड कुठे लोंबला, त्याला ऊन किती मिळाले, याचा चवीशी संबंध असतो हे त्या वकिलाच्या जिभेने ओळखले. त्यामागचे कारण सापडायला मात्र सव्वादोन हजार वर्षे जावी लागली.

द्राक्ष ही मुळात रानातली काष्ठवेल. स्वतःचा बुंधा जाड करण्यात ती शक्ती घालवत नाही. शेजारच्या झाडाचा बुंधा आयता वापरते, बाळ्यांनी फांद्या पकडत वर जाते, आणि झाडाच्या डोक्यावर उन्हात पोचली की फळते. खाली सावलीत असते तोवर नुसती वाढत राहते. हा तिचा आडमुठेपणा नाही, हिशेब आहे. फळ खाऊन बी पसरवणारे पक्षी वरच बसतात. जॉर्जियात, म्हणजे काकेशस पर्वताच्या दक्षिणेला, आठ हजार वर्षांपूर्वीच्या मातीच्या रांजणांत द्राक्षाच्या वाइनचे अंश सापडले आहेत. त्याच देशाच्या पश्चिम भागात झाडावर वेल सोडण्याची जुनी रीत अजून दिसते. कॅम्पानियातही आव्हेर्सा गावाजवळ पॉप्लरच्या रांगांवर पंधरा मीटरपर्यंत चढलेल्या वेली आहेत आणि लांबलचक अरुंद शिड्या लावून त्यांचे घड काढतात. रोमन लोक या प्रकाराला वेलीचे झाडाशी लग्न म्हणत. आपल्याला त्यात नवल वाटू नये. शाकुंतलातल्या वनज्योत्स्नेने आंब्याला स्वयंवरात वरलेलेच आहे.

माणसाने ही वेल खाली उतरवली आणि हाताच्या उंचीवर बसवली. ही सोय त्याची होती, वेलीची नव्हे. झाडाच्या डोक्यावर जाऊन ऊन शोधण्याचे जे काम ती स्वतः करत होती, ते त्या दिवसापासून माणसाच्या गळ्यात पडले. छाटणी, शेंडा मारणे, विरळणी, फेलफुटी काढणे, तारा ओढणे ही सगळी त्या एका कामाची रूपे आहेत. आज आपला बागायतदार त्याला सरळ ‘कॅनॉपी मॅनेजमेंट’ म्हणतो, आणि वेलीच्या पाना-फुटींच्या पसाऱ्याला मीही इथे कॅनॉपीच म्हणणार आहे.

मांडवाची कल्पना रोमनांहून जुनी. इजिप्तमध्ये थीब्ज इथे नख्त नावाच्या अधिकाऱ्याची इसवी सनापूर्वी १४०० च्या सुमाराची कबर आहे. तिच्या भिंतीवर कमानीसारख्या वळलेल्या वेलीखाली उभे राहून माणसे घड तोडताना रंगवली आहेत. डोक्यावर पानांचे छत, त्याखाली लोंबणारे काळे घड आणि हात वर केलेली माणसे हे चित्र निफाड किंवा तासगावच्या माणसाला ओळखीचे वाटेल. तापलेल्या देशात मांडव सुचणे साहजिक होते. सावलीत काम होते, घड भाजत नाहीत, जमिनीचा ओलावा टिकतो.

पानांकडे जाणीवपूर्वक पाहणारा पहिला लेखक म्हणून मी रोमन शेतकरी-सेनापती केटोचे नाव घेईन. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या त्याच्या शेतीवरच्या छोट्या पुस्तकात मण्यांचा रंग पालटू लागला की वेली बांधा, पाने काढा, घड मोकळे करा असा सल्ला आहे. मण्यात पाणी उतरताना घडाजवळची पाने काढायची, ही सूचना आजच्या कुठल्याही चर्चासत्रात खपून जाईल. त्याच्यानंतर दोनेकशे वर्षांनी कोल्युमेला याने पाने-फुटी काढण्याच्या कामाला स्वतंत्र जागा दिली. पुढच्या सतरा-अठराशे वर्षांत युरोपात वेलीला वळण देण्याच्या शेकडो गावठी तऱ्हा झाल्या. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये ज्यूल ग्वीयो याने एक काडी फळासाठी आणि एक लहान खुंट पुढच्या वर्षासाठी ठेवण्याची पद्धत गावोगाव फिरून पसरवली. या सगळ्यात हुशारी पुष्कळ होती, पण सावलीतल्या पानाचे आणि डोळ्याचे नेमके काय होते हे कुणी मोजले नव्हते. म्हणून युरोपला इथेच सोडून दख्खनला येतो.

इब्न बतूता चौदाव्या शतकात, मुहंमद तुघलकाच्या काळात दौलताबादला आला होता. तिथे द्राक्षे आणि डाळिंबे आहेत आणि ती वर्षातून दोनदा येतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. या ‘दोनदा’मध्ये आपल्या द्राक्षशेतीचे मूळ कोडे आहे. युरोपातली वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपते आणि वसंतात एकदाच फुटते. दख्खनला तिला झोपवणारा हिवाळाच नाही. इथे ती छाटली की फुटते. उन्हाळ्यात छाटा, फुटेल. पावसाळा सरल्यावर छाटा, पुन्हा फुटेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत या दोन छाटण्या आणि दोन बहार नोंदलेले आहेत. पावसाळ्यात येणारा बहार आंबट असे, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये येणारा गोड. पाणी आणि खत घालून एक आंबट, भुरीने खाल्लेला माल कशाला काढायचा, असा विचार करून शेतकऱ्यांनी पहिल्या बहाराची फळे हळूहळू सोडून दिली. मात्र छाटणी सोडली नाही. आजही एप्रिलमध्ये खरड छाटणी होते ती फळासाठी नव्हे, काडीसाठी. फळ येते ऑक्टोबरच्या गोड छाटणीवर.

त्या काळी वेल बसायची ती पांगाऱ्यावर. नाशिक-पुण्याकडच्या बागांत वेलीशेजारी पांगाऱ्याचा खुंट रोवत. तो जगत असे, मुळे धरत असे. वर वाढू न देता छाटून त्याचा बुटका बुंधा राखत, आणि पाच-सहा फुटांवर वेलीचे झुडूप केलेले डोके त्याला टेकलेले असे. लाकडी खांब वाळवीने खाल्ला असता. हा जिवंत खांब बागायतदाराच्या हयातीभर टिके, शिवाय शेंगवर्गातला असल्याने जमिनीला नत्र देई. रोमनांचे एल्म आणि पॉप्लर, आपला पांगारा: दोघांनाही वेलीखाली झाडच सुचले. फरक उंचीचा होता. आपल्याकडच्या गड्याला थडग्याचा ठराव करावा लागला नाही.

ही झुडूप-पद्धत चालली ती भोकरी आणि फकडीसारख्या जातींवर. या वेली आखूड छाटल्या तरी बुडाजवळच्या डोळ्यांतून घड देत. पण एका पांगाऱ्यावर बसलेल्या झुडपात पानांवर पाने येतात, आतला भाग दमट राहतो आणि उत्पन्न मर्यादित असते. पुण्याच्या गणेशखिंडीतल्या बागेत जी. एस. चीमा यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नव्या निवडी केल्या, त्यांतली चीमा साहेबी पुढे नावारूपाला आली. खरा धक्का मात्र बाहेरून आला, आणि तोही दोन वेगवेगळ्या जातींचा.

पहिली अनाबेशाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्दुल बाकर खान यांनी हैदराबादेत ही जात आणली असे नोंदलेले आहे. ही वेल एवढी जोमदार की खुंटावर मावणे शक्यच नव्हते. दगडी खांब, त्यांवर तारांची जाळी आणि डोक्यावर अख्ख्या शेताचे छत, असा मांडव हैदराबादेत स्थिरावला. दुसरी थॉमसन सीडलेस. तुर्कस्तान-इराणकडची सुलतानी किंवा किसमिस हीच ती. १८७० च्या दशकात कॅलिफोर्नियात विल्यम थॉमसनने ती लावली आणि त्याचे नाव तिला चिकटले. महाराष्ट्रात ती १९६० च्या दशकात रुजली. बिनबियांची, पातळ सालीची, बाजारात हमखास उठणारी. पण तिची एक खोड होती. तिच्या काडीच्या बुडाशी असलेल्या डोळ्यांत घड क्वचितच असतात, वरच्या डोळ्यांत असतात. म्हणजे काडी लांब ठेवली पाहिजे. लांब काड्या पसरायला जागा हवी, आणि ती पांगाऱ्यावर नाही.

पांगारा गेला तो असा. कुणी त्याला वाईट ठरवले नाही. नव्या जातीला तो पुरेना एवढेच. लोखंडी अँगल आले, जीआय तारा आल्या, साधारण सात फुटांवर मांडव उभा राहिला. सांगली-तासगाव, सोलापूर, नाशिक सगळीकडे तोच. बागायतदार संघ १९६० च्या सुमारास उभा राहिला होता आणि एका गावची युक्ती दुसऱ्या गावी पोचायला वेळ लागत नव्हता. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून निवडलेली तास-ए-गणेश, नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी शोधलेली लांब मण्यांची सोनाका या मांडवाखालच्याच. शास्त्रज्ञ सुट्टीवर असताना शेतकऱ्यांनी डोळे उघडे ठेवले होते.

आणि मग मांडवाने आपले दुसरे रूप दाखवायला सुरुवात केली. वेल डोळ्यांत भरण्यासारखी हिरवीगार, मांडव गच्च, खाली दिवसा अंधार. ऑक्टोबरला छाटणी केली की फुटी निघायच्या त्या मात्र वांझ. घडाच्या जागी बाळी, नाहीतर चार मण्यांचा गोळीघड. खत वाढवले की हिरवेपणा वाढायचा आणि घड आणखी कमी व्हायचे.

या कोड्याचे उत्तर ऑस्ट्रेलियात मरे नदीकाठी, मर्बिन नावाच्या गावी मिळाले. तिथे बेदाण्यासाठी सुलताना लावतात, म्हणजे आपली थॉमसनच. पीटर मे आणि अ‍ॅलन अँटक्लिफ यांनी वेलींवर कापडाची सावली धरली आणि पुढच्या हंगामातले घड मोजले. १९६३ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. ज्या काळात डोळ्यात घडाचा गर्भ धरतो त्या काळात सावली पडली, तर पुढच्या वर्षी घड कमी. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अ‍ॅडलेडमध्ये बट्रोझने बंद खोल्यांत दिव्यांखाली वेली वाढवून हेच आणखी काटेकोर केले. प्रकाश आणि उष्णता वाढवली की डोळ्यातल्या घडांची संख्या वाढते. पुढे सिडनीत सी. श्रीनिवासन आणि मायकेल मलिन्स यांनी आणखी आत डोकावून पाहिले. डोळ्याच्या आत एक लहानसा उंचवटा तयार होतो, आणि त्याचे काय व्हायचे हे सुरुवातीला ठरलेले नसते. परिस्थिती अनुकूल असेल तर त्याचा घड होतो, नसेल तर बाळी. सायटोकायनिन या संजीवकाने त्यांनी बाळीचे घड करून दाखवले. घड आणि बाळी एकाच मुशीतून निघतात, हे वांझ फुटींकडे हताशपणे पाहणाऱ्या माणसाला कळले असते तर त्याने खताचे पोते आधी बाजूला ठेवले असते. आपल्याकडे खरड छाटणीनंतर ६-बीए हे सायटोकायनिन फवारतात, त्याचे मूळ याच प्रयोगांत आहे.

रानवेलीचा हिशेब इथे पुन्हा लक्षात घ्यावा. सावलीत आहे तोवर तिला चढायचे आहे, म्हणून ती पकडायला बाळी काढते. उन्हात पोचली की चढणे संपले, आता फळायचे. गच्च मांडवाखाली आपण तिची अशी समजूत करून देतो की ती अजून जंगलाच्या तळाशी आहे.

डोळ्याची गोष्ट झाली. मण्याची गोष्ट अमेरिकेत उलगडली. न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा संशोधन केंद्रात नेल्सन शॉलिस काँकॉर्ड द्राक्षांवर काम करत होता. जोमदार वेलींत आतल्या बाजूचे घड पिकत नाहीत, साखर कमी राहते आणि पुढच्या वर्षीचे घडही घटतात, हे त्याने पाहिले. उपाय म्हणून त्याने एका गच्च पडद्याचे दोन पडदे केले. दोन तारांवर दोन ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे हात, मधून उजेड. १९६६ साली ‘जिनिव्हा डबल कर्टन’ या नावाने ही पद्धत जाहीर झाली. उत्पन्न वाढले आणि साखर घटली नाही. जास्त माल म्हणजे हलका माल, ही तोवरची ठाम समजूत तिथे हलली. पुढे बॉर्दोमध्ये अलँ कार्बोनो याने वीणेच्या आकाराची, वर उघडणारी दुभंगलेली कॅनॉपी मांडली.

शॉलिसचा ऑस्ट्रेलियन विद्यार्थी रिचर्ड स्मार्ट याने हा विचार शेतकऱ्याच्या हाती दिला. न्यूझीलंडमध्ये काम करताना त्याने फार साधे साधन वापरले: एक बारीक सळई. घडांच्या पट्ट्यात ती आरपार खुपसायची आणि किती पानांना टेकते ते मोजायचे. असे पुष्कळदा करून सरासरी काढायची. पानांचे थर एक ते दीड असावेत आणि मध्ये मोकळ्या फटी असाव्यात, हे त्याचे माप. १९९१ साली माइक रॉबिन्सनबरोबर लिहिलेल्या ‘सनलाइट इंटू वाइन’ या पुस्तकाने ते जगभर पसरले.

एक ते दीडच का, तर पानाचा स्वभाव तसा आहे. द्राक्षाचे पान त्याच्या कामाचा बहुतेक सगळा प्रकाश गिळते. शंभरातले पाच-दहा भाग खाली उतरतात. दुसऱ्या थराला ते मिळाले की तिसऱ्या थराला शंभरातला एकही भाग उरत नाही. त्यातही वरच्या पानाला सगळे ऊन लागतच नाही, भर उन्हाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपासच त्याचे पोट भरते. म्हणजे वरचे पान खाऊन-पिऊन तृप्त, आणि तिसऱ्या थरातले उपाशी. आपल्या भागात सल्लागार सांगतात की सावलीतली पाने परोपजीवी होतात, वेलीचे अन्न खातात. हे खरे नाही. एकदा पूर्ण वाढलेले पान दुसरीकडून साखर घेत नाही. ते पिवळे पडते आणि गळते. पण तोवर ते उजेड अडवते, हवा अडवते, औषधाचा फवारा अडवते. काढून टाकायला एवढे कारण पुरे.

अशा काळोखात वाढलेल्या मण्यात साखर उशिरा भरते. मॅलिक आम्ल जळायला ऊब लागते. सावलीत ते तसेच राहते आणि मणी आंबट लागतो. काळ्या जातींना रंग चढत नाही. घडाभोवती हवा खेळत नसल्याने भुरी बसते, डाऊनी या बुरशीरोगाला ओल मिळते. अरिसियाच्या उंच झाडावर एल्मच्या आणि वेलीच्या पानांत गुरफटलेल्या घडांचे काय झाले असेल ते यावरून कळते. सिनियसची जीभ बरोबर होती.

पण मण्याची ही विद्या थंड देशांतली. ‘ऊन आत घ्या’ हा तिचा मंत्र नाशिकच्या किंवा सोलापूरच्या शेतावर जसाच्या तसा चालत नाही, आणि माझ्या मते आपल्या द्राक्षशेतीची खरी करामत इथेच आहे. आपली वेल एका वर्षात दोन आयुष्ये जगते आणि दोन्हींना वेगळी कॅनॉपी लागते.

एप्रिलमध्ये खरड छाटणी होते. सगळे उघडे. ओलांडे इतके तापतात की बागायतदार त्यांवर पाण्याचा फवारा मारतो. मग फुटी येतात आणि साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसाच्या दरम्यान डोळ्यांत पुढच्या घडांचा निर्णय होतो. या दिवसांत ऊन प्रत्येक काडीच्या बुडापर्यंत पोचले पाहिजे. म्हणून काड्यांची संख्या राखायची, बगलफुटी काढायच्या, सातव्या पानावर शेंडा मारून सबकेन (उपकाडी) करायची. सबकेनमुळे घड धरणारे डोळे नेमक्या जागी येतात. छाटणी महिनाभर लांबली तर हा काळ थेट जूनच्या ढगांखाली जातो. मार्चअखेरपर्यंत माल झाडावर ठेवून भाव मिळवला, की छाटणी लांबते. भाव यंदाचा, किंमत पुढच्या वर्षाची.

ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतर दुसरे आयुष्य. सुरुवातीला उघडीक हवी, कारण परतीचा पाऊस आणि डाऊनी. फेलफुटी काढायच्या, घडाच्या पुढे आठ-दहा पाने राखून शेंडा मारायचा, म्हणजे मणी फुगवायला पानांचे पुरेसे बळ मिळते. थिनिंग म्हणजे विरळणी होते, जीएच्या (जिबरेलिक आम्लाच्या) द्रावणात घड बुडवण्याचे डिपिंग होते. पेठ-सुरगाण्याकडच्या मजुरांच्या टोळ्या यावेळी बागेत असतात. मग फेब्रुवारी येतो. दुपारचे ऊन चटके देऊ लागते, रात्री अजून थंड असतात. आता तीच पाने घडाच्या डोक्यावर हवीत. पश्चिमेकडून ऊन थेट लागलेला घड भाजतो, साल तपकिरी पडते. रात्र-दिवसाच्या तापमानातली तफावत वाढली की पांढऱ्या जातींचे मणी गुलाबी होतात. व्यापारी त्याला पिंक बेरी म्हणतो आणि भाव पाडतो. म्हणून घडांना वर्तमानपत्राचा कागद गुंडाळतात. कॅनॉपीत राहिलेली भोके बुजवायचा तो एक मार्ग आहे. मराठी वृत्तपत्रांचा एवढा उपयुक्त वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

गुण म्हणजे काय, तेही ग्राहक ठरवतो. युरोपातल्या दुकानांना हिरवट पांढरा, सोळा-अठरा मिलिमीटरचा टपोरा मणी लागतो. तो रंग सावलीतच टिकतो. ऊन लागलेला थॉमसन पिवळसर, अंबर झाक घेतो. पिवळसर मणी जास्त गोड असतो, पण निर्यातीच्या पेटीत बसत नाही. तासगावच्या बेदाणा शेडवाल्याला आधी साखर हवी. म्हणजे एकाच जातीच्या दोन बागांत एकाने पाने राखायची आणि शेजाऱ्याने काढायची, आणि दोघेही बरोबर.

मधल्या काळात मुळाकडूनही एक बदल झाला. १९९० च्या दशकात पाण्याची टंचाई आणि जमिनीतल्या क्षारांनी गांजलेल्या बागांत डॉगरिज हा खुंट आला. टेक्सासच्या रानवेलीतून निवडलेला, पाण्याच्या ताणाला आणि क्षारांना दाद न देणारा. त्याने बागा वाचवल्या, पण वेलीचा जोम इतका वाढवला की शेंडा मारून हात थकायचे. त्यावर सोपा उपाय सीसीसीचा होता, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड. फवारले की पेरे आखूड, शेंडा थांबतो, मजुरी वाचते. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अंश सापडले. तिथली मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल अडला, परत आला, मिळेल त्या भावाने गेला आणि कित्येक बागायतदार त्या एका हंगामात कर्जात बुडाले. हाताने करायचे काम बाटलीतून करून घेण्याची ती किंमत होती. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यांत त्यानंतर पाणी आणि नत्र आवरण्यावर, वेळेवर शेंडा मारण्यावर जो भर दिसतो तो या अनुभवातून आलेला आहे.

मांडवही आता सरसकट राहिलेला नाही. गेल्या तीसेक वर्षांत वाय आकाराच्या सांगाड्यांनी त्याची जागा घेतली. चारेक फुटांवर खोड दुभंगते आणि दोन्ही बाजूंना तिरपे हात उघडतात. मधून ऊन उतरते, घड हातांच्या खालच्या बाजूला ओळीने लोंबतात, ट्रॅक्टरचा फवारा आतपर्यंत जातो, मजुराची मान दुखत नाही. शॉलिसचे दोन पडदे आणि कार्बोनोची वीणा यांचा हा दख्खनी भाऊबंद म्हणायला हरकत नाही. सोलापूर-सांगलीच्या कडक उन्हात वायच्या पश्चिमेकडच्या हाताला मात्र चटका बसतो, आणि म्हणून वायचे हात वर ताणून अर्धा मांडव करण्याची सुधारणाही झाली. नाशिकच्या वाइनच्या बागांत वेली भिंतीसारख्या उभ्या वाढवतात. तिथे युरोपचे धडे बरेचसे थेट लागू पडतात, कारण मण्याचा आकार कुणी मोजत नाही.

अवकाळी पाऊस आणि गारा वाढल्यापासून कॅनॉपीच्या वर आता प्लास्टिकचे आच्छादन येऊ लागले आहे. घड भिजत नाहीत, डाऊनीच्या फवारण्या कमी होतात. पण प्लास्टिकही उजेडातला हिस्सा कापते आणि खाली उष्मा धरते. म्हणून ते गोड छाटणीनंतर चढवायचे, माल उतरला की काढायचे आणि खरड छाटणीनंतरच्या दिवसांत वेल उघड्यावर ठेवायची असा हिशेब बसतो. मात्र गारपीट एप्रिल-मेमध्येही होते, कोवळ्या सबकेन मोडून जातात, आणि तेव्हा आच्छादन काढलेले असते. एकराला काही लाखांचा सांगाडा उभा केल्यावर ते काढायची मजुरी वेगळी, पुन्हा चढवायची वेगळी. काही जण ते वर्षभर तसेच ठेवू पाहतात. त्यांच्या काड्यांत घड किती धरले, हे ऑक्टोबरच्या छाटणीआधी प्रयोगशाळेत डोळे कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घेता येते; नमुन्याच्या काड्या ओळीच्या दोन्ही टोकांकडून आणि मधून घ्याव्या लागतात.